जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? आधी प्रिंटरकडं बघा

सर, इतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो. २०१३ साली घेतलेला डेल इन्स्पिरॉन, थर्ड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. विंडोज १० सुरू होईस्तोवर चहा पिऊन होतो. जिंतूरचा दुकानदार म्हणतो, "विंडोज ११ बसवून देतो." भाचा म्हणतो, "लिनक्स टाका." शाळेची ऑनलाइन कामं, जुन्या मराठी प्रश्नपत्रिका आणि यंदा बीसीएला गेलेल्या लेकीचा अभ्यास, सगळं याच मशीनवर. काय करावं?

भाचा बरोबर सांगतोय (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम), पण त्यानं शेवटची पायरी आधी सांगितली. लिनक्स बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. परभणीत दुरुस्तीच्या टेबलावर मला जे दिसतं ते असं: लिनक्स टाकून महिन्याभरात विंडोजवर परत येणाऱ्याला लिनक्स जड गेलेलं नसतं. त्याचा प्रिंटर चाललेला नसतो, नाहीतर जुनी फाइल उघडलेली नसते, नाहीतर अंगठ्याचं मशीन ओळखलेलं नसतं. म्हणून आधी एक कागद घ्या आणि या लॅपटॉपला काय काय जोडता, त्यावर कोणकोणत्या फायली उघडता, ते लिहून काढा. निर्णय त्या कागदावर होतो.

पहिला प्रिंटर. आपल्याकडं शाळेत, सेतूत, झेरॉक्सच्या दुकानात, जिथं जावं तिथं कॅनन एलबीपी २९०० नाहीतर एचपी लेझरजेट १०२० दिसतो. एचपीचं काम होतं. त्यासाठी एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये असतं. १०२० ला त्याचं एक जादा प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं, कारण हा प्रिंटर चालू झाला की त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, दरवेळी कॉम्प्युटरकडून मागून घेतो. प्लगइन एकदा बसलं की मग कटकट नाही. कॅनन २९०० ची गोष्ट वेगळी. तो कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो. तिचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, आहे, पण जुना आहे, आणि आजच्या सिस्टिमवर तो बसवायला बरीच खटपट लागते. घरी हाच प्रिंटर असेल आणि रोज छपाई होत असेल, तर मी सरळ सांगेन की विंडोजची एक सोय कुठंतरी शिल्लक ठेवा. महिन्याकाठी चार पानं काढत असाल तर पीडीएफ करून शाळेच्या कॉम्प्युटरवर छापा. एप्सनचे शाईच्या टाकीवाले एल मालिकेतले प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत.

दुसरं, तुमच्या प्रश्नपत्रिका. हा मुद्दा मराठी माणसालाच कळतो, इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शनात सापडणार नाही. तुमच्या फायली युनिकोडमध्ये असतील, म्हणजे मंगल, निर्मला असल्या फाँटमध्ये, तर लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, त्या जशाच्या तशा वाचता येतील. फार तर फाँट बदलल्यामुळं ओळी खालीवर होतील, दोन पानांचा पेपर अडीच पानांवर जाईल. पण २०१३ च्या आसपासच्या फायली म्हणजे श्रीलिपी, कृतीदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख असण्याची शक्यता जास्त. या फाँटमध्ये अक्षरं आतून इंग्रजीच्या जागांवर साठवलेली असतात, वरून फक्त चेहरा मराठी. फाँट नसला की सगळा पेपर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा दिसतो. उपाय आहे. विंडोजच्या फाँट फोल्डरमधून त्या फाँटची टीटीएफ फाइल घ्या, लिनक्समध्ये तिच्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा. जुने पेपर वाचता येतील, छापताही येतील. दुरुस्ती करायची असेल तर भेद पडतो. कृतीदेवात कळफलकाची मांडणी फाँटमध्येच असल्यानं टायपिंगही होतं, फक्त ऑल्ट दाबून आकडे मारायची जोडाक्षरं निघत नाहीत. श्रीलिपीचं टायपिंग मात्र त्याच्या विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते इकडं येत नाही. म्हणून लिनक्स टाकण्याआधी, विंडोज जिवंत असतानाच, जे पेपर पुन्हा वापरायचे ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्या आणि एकदा डोळ्याखालून घाला. रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं तिथं हमखास घसरतात. जे नुसते जपायचे, त्यांची पीडीएफ करा.

तुमचं बाकीचं काम, यू-डायस प्लस, महाडीबीटी, सातबारा, मेल, मीट, हे सगळं ब्राउझरमधलं. त्याला खाली कोणती सिस्टिम आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पण वाचणाऱ्यांत कुणी आपले सरकार केंद्र चालवत असेल, आधारच्या अंगठ्याचं मशीन, टेंडरची डिजिटल सही किंवा टॅली रोज लागत असेल, तर त्या मशीनवर हा प्रयोग करू नका. पोटाचं मशीन आहे ते, त्याला विंडोजच राहू द्या.

आता दुकानदाराचं विंडोज ११. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यांची घोषित मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर मागतं. तुमचा तिसऱ्या पिढीचा. रुफससारख्या साधनानं ही तपासणी चुकवून ते बसवता येतं, दुकानदार तेच करणार. बसेलही. पण विंडोज १० ज्या ४ जीबीत आणि ज्या फिरत्या डिस्कवर धापा टाकतंय, त्याच्यावरच तुम्ही अजून जड गडी बसवताय, आणि पुढची मोठी अपडेट येईल की नाही याची हमी कुणी देत नाही. त्या पैशाची एसएसडी घ्या, म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क.

एसएसडीचं मी मुद्दाम जरा लांबण लावून सांगतो, कारण सगळा खेळ तिथं आहे. तुमचं मशीन हळू आहे ते बव्हंशी त्या फिरत्या डिस्कमुळं. आय-थ्री आजही घरगुती कामाला पुरतो. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, त्याच जागेत त्याच स्क्रूंनी बसते. आणि हीच सगळ्यात सुरक्षित वाटही आहे: जुनी डिस्क पुसायचीच नाही. ती विंडोजसकट बाहेर काढा, कागदात गुंडाळून तारीख टाकून कपाटात ठेवा, आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाका. नाही जमलं तर जुनी डिस्क परत लावा, लॅपटॉप पहिल्यासारखा. लोकांना लिनक्सची भीती वाटते ती "सगळं उडालं तर?" याचीच, आणि ती या एका युक्तीनं मुळातच जाते. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचा सल्ला नेटवर भरपूर मिळतो. मी देत नाही. ५०० जीबीच्या दहा-बारा वर्षं जुन्या डिस्कचे भाग पाडत बसणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग तीच डिस्क यूएसबी केसमध्ये घालून लिनक्सला जोडली की फायली दिसतात पण त्यात काही लिहू देत नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत तरीही वेगळी काढाच. जुनी डिस्क कपाटात नुसती पडून राहिली तरी मरू शकते.

पाठ उघडलीच आहे तर तीन कामं उरकून घ्या. पंख्यात अडकलेला धुरळा साफ करा आणि थर्मल पेस्ट नवी लावा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, त्यात धुळीनं बुजलेला पंखा म्हणजे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून घेतो आणि माणूस बोल लावतो सिस्टिमला. दुसरं, जमल्यास ४ जीबीचा अजून एक रॅम. डीडीआर३एल घ्या, म्हणजे कमी व्होल्टेजचा. तो या पिढीत चालतो आणि चौथ्या पिढीपासूनच्या ज्या मशीनना तोच लागतो तिथंही चालतो. साधा डीडीआर३ सगळीकडं चालेलच असं नाही. तिसरं, सीआर२०३२ चा बटण सेल. तो मेला की चार्जर काढल्यावर लॅपटॉपची तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की कुठलीच सुरक्षित वेबसाइट उघडत नाही, लिनक्सच्या अपडेटही नाकारल्या जातात. "लिनक्स टाकल्यापासून नेट चालंना" ही तक्रार घेऊन आलेल्या मशीनची तारीख मी सगळ्यात आधी बघतो.

आता कोणतं लिनक्स. यावर लोक तासन् तास भांडतात. तुम्ही लिनक्स मिंट घ्या. ४ जीबीवरच राहणार असाल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ जीबी केली तर सिनॅमन. मिंटची २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बांधलेली आहे आणि २०२९ पर्यंत तिला अपडेट मिळणार आहेत. खाली स्टार्टसारखा मेनू, कोपऱ्यात घड्याळ, त्यामुळं घरच्यांनाही नवखं वाटत नाही. २ जीबीच्या मशीनला एमएक्स लिनक्स किंवा अँटीएक्स बघावं. क्रोमओएस फ्लेक्सही आहे, ४ जीबीत चालतं, पण ते नेटवर जगणाऱ्यासाठी. त्यात प्ले स्टोअर नाही आणि लेकीच्या प्रोग्रॅमिंगला ते अपुरं पडेल. ज्यांच्याकडं अजून जुनं मशीन आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट: विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती दिसली म्हणून प्रोसेसर ३२ बिटचा समजू नका. कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिट आहे. खरोखरच ३२ बिटचा निघाला तर त्याच्यामागं लागू नका. डेबियन या लिनक्सनं २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलंय आणि फायरफॉक्सनंही ३२ बिट लिनक्स सोडलंय.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम भरलेली एकच फाइल, तीन जीबीच्या आसपास असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटात ती तुटत तुटत उतरते, आणि इन्स्टॉलेशन अधेमधे अडकतं त्याचं मोठं कारण हेच, अर्धवट फाइल. वायफाय असेल तिथून एका दमात उतरवा आणि मिंटच्या पानावर दिलेला एसएचए-२५६ आकडा जुळवा, म्हणजे फाइल पूर्ण उतरली की नाही ते कळतं. विंडोजमध्ये ७-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो काढता येतो. मग ८ जीबीच्या चांगल्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचरनं ती लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यातले लग्नाचे फोटो आधी काढून घ्या.

एसएसडी बसवली, पेनड्राइव्ह लावला, चालू करताना एफ१२ टकटक दाबत राहा. डेलमध्ये बूट मेनू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी, तिथं आहे. एचपीला एस्केप आणि मग एफ९. एसरला एफ१२, पण तो बऱ्याचदा एफ२ नं बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आधी सुरू करावा लागतो. तुमच्या मशीनचा सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, बायोसमधून बंद करा. मिंट तो चालू असतानाही चालतं, पण पुढं वायफायचा ड्रायव्हर बसवताना जादा पायऱ्या लागतात. बायोस अपडेट करायच्या भानगडीत पडू नका. या वयाच्या बॅटरीवर ते करू नये.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. ही जिवंत सिस्टिम आहे, डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं. आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमीजास्त करायच्या कळा, झाकण लावून उघडल्यावर जागं होतं का ते. प्रिंटर जोडून बघा. कागदावर लिहिलेली एकेक वस्तू इथंच लावून पाहायची. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून ते रेंगाळतंच.

वायफाय कदाचित दिसणार नाही. या काळातल्या इन्स्पिरॉनमध्ये बरेचदा ब्रॉडकॉमचं कार्ड असतं आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. घाबरू नका. फोन यूएसबीनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला नेट मिळतं. इन्स्टॉल झाल्यावर मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, ब्रॉडकॉमसमोरचा सुचवलेला ड्रायव्हर निवडायचा, एकदा रीस्टार्ट. बस.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या सोयीच्या) चौकटीत टिक करा, आतमध्ये एकटी एसएसडीच आहे ना याची खात्री करून "डिस्क पुसून टाका" हा पर्याय निवडा, घड्याळाच्या वेळेसाठी ठिकाण कोलकाता. भाषा मराठी घेता येते, पण मी मेनू इंग्रजीत ठेवायला सांगतो. अडचण आली तर नेटवर शोधायला इंग्रजी शब्दच हाताशी लागतात. एसएसडीवर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. लाइटचा मात्र अंदाज घ्या. गावठाण फीडरवर असाल तर बरं. आखाड्यावर शेतीच्या लाइनवर असाल तर इन्व्हर्टर असलेल्या घरी बसा, कारण बॅटरी दहा मिनिटंही तग धरत नसेल. पहिली मोठी अपडेटही अशीच बेतानं करा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर पॅकेजं अर्धवट राहतात. दुरुस्त होतात, पण टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडावं लागतं. पहिली अपडेट झाली की टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. पुढं एखाद्या अपडेटनं काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं.

मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची, झालं. टायपिंगच्या परीक्षेमुळं रेमिंग्टनची सवय असेल किंवा "namaskar" सारखं उच्चारानुसार लिहायची, म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या; त्यात मराठीसाठी फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन असे पर्याय मिळतात. फाँट नोटो किंवा लोहित देवनागरी. शाळेत वर्डवर उघडायच्या फायली डॉक्सएक्समध्ये जतन करा आणि छापायला जाताना सोबत पीडीएफही न्या.

यूट्यूबवर पंखा भणभणायला लागला तर त्याचंही कारण आहे. यूट्यूब सहसा व्हीपी९ या प्रकारात व्हिडिओ पाठवतं, आणि तिसऱ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये तो उलगडायची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, म्हणजे यूट्यूब जुन्या एच.२६४ प्रकारात पाठवतं. व्हिडिओ ७२० वर ठेवा.

लेकीला हे मशीन विंडोजपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पायथॉन आधीच असतं. सी, सी प्लस प्लस, जावा, मायएसक्यूएल सगळं सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस, सी, पायथॉनचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत, तेही उतरवून घेता येतात. अडचण एकाच ठिकाणी येऊ शकते. काही कॉलेजांत प्रॅक्टिकल अजून टर्बो सीवर घेतात. तो डॉसच्या काळातला प्रोग्रॅम, त्यामुळं मिंटवर डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो. पण टर्बो सीत चाललेला प्रोग्रॅम जीसीसीत, म्हणजे लिनक्सवरच्या सीच्या कंपायलरमध्ये, तसाच चालेल असं नाही. कोनिओ डॉट एच, क्लिअर स्क्रीन, गेटसीएच असल्या गोष्टी तिथं नसतात. परीक्षेला कोणता कंपायलर आहे ते तिला पहिल्याच आठवड्यात मास्तरांना विचारून घ्यायला सांगा, आणि तुमच्या प्रिंटरचा नंबर मला कळवा.